सुरू झाली तर तुझी

आबा,

ती मोटारसायकल मी सुरू केली होती. हे तुम्हाला माहीत होतं, आईला माहीत होतं आणि मला माहीत आहे. तुम्ही दोघंही गेलात, त्यामुळे आपल्या तिघांतलं ते आता माझ्या एकटीकडे उरलं आहे. तुम्ही होतात तेव्हाच हे तोंडावर बोलायला हवं होतं. पण तुमच्यासमोर उभी राहिले की माझा आवाज उगाच चढायचा, गिरणीच्या धडधडीत बोलावं तसा, आणि तुम्ही म्हणायचात, "वरडतेस कशाला गो, मी काय बहिरा हाय?" मग माझं बोलणं तिथेच संपायचं. आज घरात कुणी नाही. सावकाश लिहिते.

आपली भाताची गिरणी महाडच्या बाजारपेठेच्या टोकाला होती. दादा मुंबईला गोदीत कामाला लागला आणि गिरणीत तुम्हाला माणूस कमी पडायला लागलं, तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. मला पुढे शिकायला पुण्याला मावशीकडे पाठवा असं मी म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "पुण्याला जाऊन काय करणार हायस? हितं ये, इंजिनाला हात लाव." मी रुसून गेले आणि महिन्याभरात मला ते काम आवडायला लागलं. तुम्ही शिकवायचात चांगलं, हे मी नाकारत नाही. लाकडी दांडा इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाशी धरायला तुम्हीच शिकवलंत. आत काय वाजतंय, कुठे घासतंय, काय सैल झालंय ते ऐकायला शिकवलंत. पहिल्याच दिवशी मी फिरत्या पट्ट्याजवळ वाकले तर तुम्ही माझ्या पाठीत असा धपाटा घातलात की भाताची पोती घेऊन आलेली माणसं वळून बघायला लागली. "वेणी वर बांध आधी! पट्ट्यात गेली तर मुंडकं जाईल." त्या रात्री मी जेवले नाही. तेव्हापासून आजपर्यंत मी मशीनजवळ वेणी सोडून कधी गेलेली नाही.

मोटारसायकल आली ती नाते गावाहून, बैलगाडीतून. पलटणीतून परत आलेले तुमचे मित्र, सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे. लढाई संपल्यावर लष्कराने जुनी वाहनं विकायला काढली, त्यातली ती त्यांनी घेतली होती. थोडी वर्षं फिरवली, मग ती बंद पडली आणि गोठ्यात गवताखाली गेली. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. सुभेदार आजारी पडले तेव्हा म्हणाले, घेऊन जा, लोखंड तरी कामाला येईल. तुम्हाला वाटलं होतं, तिचं इंजिन काढून कोंडा उडवायच्या पंख्याला लावावं. खोलून बघितलंत तर पिस्टन गच्च बसलेला, टाकीत गंजाचा चिखल. दोन शिव्या घालून तुम्ही ती गिरणीच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलीत.

मी विचारलं, "आबा, मी बघू का हिला?"

तुम्ही पोत्याचं तोंड शिवत होता. वर न बघता म्हणालात, "बघ. सुरू झाली तर तुझी."

हे वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकलं आहे. तुम्ही हसत बोललात, मान्य. पण बोललात.

किती दिवस लागले ते मी मोजलं नाही. एक पावसाळा गेला आणि दुसरा आला, एवढं आठवतं. गिरणीचं काम आटोपलं की मी मागे जायची. पिस्टनवर तेल ओतून ठेवायचं, रोज दांड्याने हळूच ठोकून बघायचं, पुन्हा ओतायचं. एक दिवस तो केसभर हलला तेव्हा मी एकटीच हसत बसले. टाकीत रॉकेल आणि नदीतली बारीक वाळू घालून ती मांडीवर घेऊन हलवायची, बाळाला झोपवावं तशी, आणि आई दारातून बघून म्हणायची, "ह्या पोरीचं काय खरं नाय." कार्बोरेटरची छिद्रं मी घोड्याच्या शेपटीच्या केसाने मोकळी केली. दादा दिवाळीला आला तेव्हा त्याच्याकडून मुंबईच्या जुन्या बाजारातून रिंगा आणि क्लचच्या पट्ट्या मागवल्या. त्याने आणलेल्या रिंगा मोठ्या निघाल्या. त्या मी कानशीने घासून घासून बसवल्या, दोन मोडल्या, मग त्याच्या नावाने खडे फोडून पुन्हा मागवल्या.

आणि ती मी माझ्या अंगाच्या मापाची केली, आबा. तुम्ही ते कधी नीट बघितलंत का? माझ्या पायात तिची किक मारायला जोर पुरत नव्हता, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून किकचा दांडा लांब करून घेतला. सीट खाली उतरवली, कारण माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. हॅंडल आत वाकवलं. माझं पातळ चाकात जाऊ नये म्हणून गिरणीच्या जुन्या चाळणीची जाळी कापून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी बसवली. लष्करी हिरवा रंग खरवडला आणि गिरणीच्या दाराचा निळा रंग उरला होता तो दिला. तशी मोटारसायकल महाडात काय, मुंबईतही कुणी बघितली नसेल.

ती सुरू झाली त्या दुपारी गिरणी बंद होती. आधी फटाका फुटावा तसा आवाज झाला, कावळे उडाले, आणि मग ती धडधडायला लागली आणि थांबेचना. तुम्ही जेवणावरून उठून उष्ट्या हाताने धावत आलात. माझ्या बाजूला उभे राहिलात. तुमचा चेहरा मी बघितला. दादा मॅट्रिक झाला तेव्हाही तो तसा झाला नव्हता.

मग ती सकाळ. अजून पुरतं उजाडलेलं नाही, रस्त्यावर माणूस नाही. मी पातळाचा काचा मारलेला, तुम्ही मागे कॅरियरवर पोतं घडी करून बसलेले. आपण नात्याच्या रस्त्याने निघालो आहोत. दोन्हीकडे भात कापलेली शेतं, धुकं, आणि तुम्ही माझ्या कानात ओरडताय, "हळू गो, हळू! बापाला मारतेस काय?" आणि हसताय. तुम्ही इतके मोठ्याने हसता हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. सुभेदार गेले नसते तर त्यांना दाखवली असती, असं तुम्ही म्हणालात. परत येताना बाजारपेठेच्या वळणाआधी तुम्ही माझ्या खांद्यावर थोपटलंत. "थांब, मी उतरतो." मला वाटलं, कुणाकडे काम असेल. तुम्ही उतरलात, धोतर झटकलंत आणि म्हणालात, "तूबी उतर, ढकलत ने घरापर्यंत. सुरू करू नको." आणि पुढे चालायला लागलात. मी ती अवजड गाडी ढकलत तुमच्या मागून आले. पोरीच्या मागे बसलेलं कुणी बघू नये म्हणून तुम्ही उतरलात हे मला वळणापाशी कळलं नाही. घरी येऊन हात धुताना कळलं.

तरी मी तुम्हाला माफ केलं होतं. बाजाराचं गाव, लोक बोलणार, असं मनाशी म्हटलं होतं.

पोलादपूरची माणसं मला बघायला आली त्या दिवशी आईने माझी नखं चिंचेने आणि राखेने घासली. काळं जाता जात नव्हतं. मुलगा रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होता, पुढे माझा नवरा झाला तोच. मी पोह्यांचं ताट घेऊन माजघराच्या दारात आले तेव्हा पुरुष मंडळी गिरणी बघून परत येत होती. मुलाच्या मामांनी विचारलं, "ती मागची मोटारसायकल कुणी हो जुळवली? भंगारातली म्हणता आणि चालू कशी?"

तुम्ही उपरण्याने तोंड पुसलंत. "कुणी म्हंजे? मीच. गिरणीवाल्याला काय अवघड हाय ते?"

ताट माझ्या हातात होतं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मुलाच्या आईने माझा हात धरून उलटापालटा केला, "बोटं अशी काळी कशी गो?" आणि तुम्हीच उत्तर दिलंत, "भांडी घासती ना आईसंगं." सगळे हसले. मी पोहे वाढले.

लग्न ठरलं आणि मोटारसायकल जावयाला द्यायचं ठरलं. मला कुणी सांगितलं नाही. आई कुणाला तरी सांगत होती ते कानावर आलं. मी गिरणीत तुमच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आबा, ती माझी आहे."

"तुझीच हाय. तुझ्याच घरात तर चाललीय."

"मग माझ्या नावाने द्या. मी केली म्हणून सांगा त्यांना."

तुम्ही इंजिन बंद केलंत. चालत्या गिरणीत तुम्ही कधी इंजिन बंद करत नव्हता. "येडी का काय तू? पोरगी मोटारसायकल फिरवती म्हणून कळलं तर ऱ्हातील काय ती माणसं? तुझ्या भल्यासाठीच केलं ना मी?" आणि मग हळू आवाजात, "सुरू झाली तर तुझी म्हणालो, ते काय कोर्टात बोललो का गो?"

आई त्या रात्री माझ्या शेजारी येऊन पडली. म्हणाली, "गप ऱ्हा. मशीन हाय, जीव नाय." तिला तरी मी काय सांगणार होते?

तर मी आणि मोटारसायकल दोघी पोलादपूरला आलो. पहिल्या महिन्यातच माझ्या नवऱ्याने चाकाच्या जाळ्या उपटल्या. "हे काय चाळणं लावलंय तुझ्या वडिलांनी?" किकचा दांडा कापून आखूड करून घेतला, सीट उचलली, हॅंडल सरळ केलं, निळ्यावर काळा रंग मारला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला ठाऊकच नव्हतं की तो काय काढून टाकतोय. तुम्ही एक शब्द खरा बोलला असता तर त्याने निदान विचारलं असतं. मी ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापत होते आणि करवतीचा आवाज ऐकत होते.

पोलादपूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. घाटाकडून येतो तो आठ आठ दिवस हलत नाही. मोटारसायकल त्यात बंद पडली आणि नवऱ्याने तुम्हाला निरोप धाडला, "सासऱ्यांनीच जुळवलीय, तेच बघतील." तुम्ही एसटीने आलात. अंगणात छपराखाली गाडीपाशी उकिडवे बसलात. ओव्हरसियर, त्याचे दोन मित्र, माझे सासरे, सगळे गोल करून उभे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तुम्ही प्लग काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. टाकीचं झाकण उघडलंत, हुंगलंत, लावलंत. गिरणीचं इंजिन तुम्हाला तळहातासारखं ठाऊक होतं, पण या गाडीचं ठिणगी पाडणारं मॅग्नेटो तुम्ही कधी उघडून बघितलंच नव्हतं. मग "पाणी पितो जरा" म्हणून तुम्ही मागच्या दाराने माझ्याकडे आलात.

"काय झालं असंल गो?"

इतक्या हळू विचारलंत. मला तुमची कीव आली. आज येत नाही, तेव्हा आली.

"मॅग्नेटोत ओल गेलीय. काढून आणा. पण काढायच्या आधी त्याच्या दातेरी चाकावर आणि खोक्यावर खिळ्याने खूण करा, नाहीतर परत लावताना मेळ चुकेल."

तुम्ही ते पंच्यात गुंडाळून आणलंत. मी चुलीच्या उबेला ते धरलं, आतलं टोक कानशीच्या पात्याने साफ केलं, पदराने पुसलं. बाहेर पुरुषांचा चहा चालला होता. तुम्ही माझ्याशेजारी पाटावर बसून माझ्या हातांकडे बघत होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "झालं का? लई वेळ झाला तर संशय येईल."

गाडी सुरू झाली. अंगणात लोकांनी तुमच्या पाठीवर थाप मारली. सासरे म्हणाले, "तुमच्या हाताला जादू आहे." तुम्ही म्हणालात, "आपलं चालायचंच." मी भांडी आवरली.

त्यानंतर पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं. या वेळी मला उठून बघायचीही गरज नव्हती. नवरा किक मारत होता ती फुसकन खाली जात होती, दाबच येत नव्हता. व्हॉल्व्ह अडकला होता. प्लगच्या भोकातून रॉकेल सोडून, थोडं थांबून लाकडाने दोन टिचक्या मारल्या असत्या तर भागलं असतं. तुम्ही आलात, बसलात, पान्हे वाजवलेत आणि पाणी प्यायला आत आलात.

"आता काय गो हिला?"

मी पीठ मळत होते. थांबले. "सांगते. पण आधी बाहेर जाऊन सांगा, ही गाडी पोरीने केलीय. मग मी येते आणि तुमच्यासमोर सुरू करते."

"जुनं कशाला उकरतेस आता?"

"जुनं कुठे आबा? अंगणात उभी आहे ती."

"जावयासमोर माझं तोंड काय ऱ्हाईल?"

"आणि माझं?"

तुम्ही तांब्या खाली ठेवलात. उठलात आणि दाराबाहेर पडलात. मला खरंच वाटलं, आबा, की तुम्ही बाहेर जाऊन सांगणार. मी हाताचं पीठ काढायला लागले. पदर खोचला, वेणी वर बांधली. आणि मला खिडकीतून तुमचा आवाज आला, चांगला खणखणीत, "इंजिन खलास झालंय, जावईबापू. आता नाय व्हायची ती. मोडीत घाला."

गाडी मेली म्हणालात. त्या इंजिनातला खिळा न खिळा मी बसवला होता. मला द्यावं लागण्यापेक्षा ते मेलेलं तुम्हाला चाललं.

तुम्ही शेवटच्या एसटीने परत गेलात. जाताना माझ्याकडे न येता पडवीतूनच "येतो गो" म्हणालात. भंगारवाला महाडहून ट्रक घेऊन आला आणि ती घेऊन गेला. चढवताना ती त्यांच्या हातून निसटली आणि हॅंडल जमिनीत रुतलं. मी माजघरात होते. बाहेर गेले नाही.

पुढे तुम्ही गेलात तेव्हा मी आले. बायकांमध्ये बसले होते. बाहेर तुमचे बाजारातले दोस्त एकेक आठवण काढत होते आणि त्यांतला एक म्हणाला, "काय हात होता! लष्कराची मेलेली गाडी जिती केली माणसानं." सगळे हो हो म्हणाले. दादाही म्हणाला, आणि रिंगा तर त्यानेच आणल्या होत्या मला. आई जमिनीकडे बघत होती. लोक गेल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

"त्यांनी सांगितलं होतं मला."

"काय सांगितलं होतं?"

"पोरीचा हात माझ्याहून चांगला हाय म्हणाले. ज्या दिवशी तू ती फटफटी चालू केलीस ना, त्याच राती."

"आणखी कुणाला सांगितलं?"

"मलाच."

चांगलं केलंत. सगळ्या महाडात तुम्ही नेमकी अशी एक बाई शोधलीत जिला कुणी कधी काही विचारणार नव्हतं. आईला वाटलं, हे ऐकून माझं रडं थांबेल. मी त्यानंतरच खरी रडले, आणि बायकांना वाटलं, बापासाठी रडतेय.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. आमच्या शेतावर पाण्याचा पंप आला, तो बंद पडला, मी उघडला आणि चालू केला. नवऱ्याने बघितलं, काही म्हणाला नाही. पंप शेतात असतो, रस्त्यावर दिसत नाही. मग शेजारचे त्यांचे पंप आणायला लागले, मग वरच्या वाड्यांतले. एकदा मी नवऱ्याला सगळं सांगितलं, मोटारसायकलचं, मॅग्नेटोचं, चुलीचं. शेवटी तो म्हणाला, "मग त्या जाळ्या..." एवढ्या साध्या माणसाची तुम्हाला भीती वाटत होती, आबा. तो हसला असता, चार दिवस मित्रांना सांगत फिरला असता आणि मला मागे बसवून, नाहीतर स्वतः मागे बसून, बाजारात घेऊन गेला असता. कदाचित नसताही गेला. ते बघायची संधी तुम्ही ठेवली नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. सुनेला वाचायला द्यावं असं मघाशी मनात आलं, पण तिने तुम्हाला कधी बघितलेलं नाही, आणि तुमची पहिली ओळख तिला अशी व्हावी हे मला नको आहे. का नको, ते मला सांगता येत नाही. घडी करून माझ्याचपाशी ठेवते.

एक मात्र लिहून टाकते. गेल्या महिन्यात वरच्या वाडीतला एक तरुण पंप घेऊन आला होता. मी तो उघडून साफ करत होते आणि तो बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "आजी, तुम्हाला ह्ये कुणी शिकवलं?"

मी विचार करायच्या आधीच माझ्या तोंडून गेलं, "आमच्या आबांनी. महाडला गिरणी होती त्यांची." आणि सांगताना मला बरं वाटलं. त्याचाच मला तुमच्यावर सगळ्यात जास्त राग आहे.